थांबण्याची ऐपत

(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पोळा झाला, की बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, वाड्यावस्त्यांवर, ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांच्या मोटारसायकली फिरू लागतात. मुकादम आला म्हणून कुणी दचकत नाही. बहुतेक वेळा तो शेजारच्याच गावचा असतो, कधी भावकीतलाही. ओट्यावर बसतो, चहापाणी होतं. पाऊस किती झाला, सोयाबीन कसं आहे, थोरलीला कुठं स्थळ पाहिलं का, अशी चौकशी होते. मग हळूच मुद्द्याचं बोलणं निघतं: "औंदा किती कोयते?"

कोयता हे ऊस तोडायचं हत्यार, पण या प्रश्नात ते माणसं मोजायचं माप असतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा. बारावी झालेला, नुकतीच अठरा पूर्ण केलेला मुलगा दारात उभा असेल, तर मुकादमाच्या हिशोबात तो अर्धा कोयता. त्याचं लग्न लावलं की पूर्ण. ज्या घराला बँकेत दहा हजारांच्या कर्जासाठी चार खेटे घालावे लागतात, त्याच घराच्या ओट्यावर एका संध्याकाळी पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त रक्कम रोख मोजली जाते. हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ दिलेल्या या रकमेला उचल म्हणतात.

मुलाला कशात गती आहे, पोलीस भरती द्यावी की आयटीआयला नाव घालावं, हे प्रश्न त्या घरात निघत नाहीत असं नाही. निघतात, रात्री जेवणं झाल्यावर त्यावर बोलणंही होतं. पण निकाल लागतो तो मुलाच्या गुणांवर नाही. खताच्या दुकानाची उधारी किती, बहिणीच्या लग्नाचं देणं किती राहिलंय, दिवाळीपर्यंत घर चालेल एवढं धान्य आणि पैसा आहे का, यावर लागतो. तीन महिने कळ काढता येत असेल तर मुलगा थांबतो. येत नसेल तर जातो.

तरुणांच्या आर्थिक सुरक्षिततेचा विषय शहरात विमा, गुंतवणूक, पगाराचं पॅकेज अशा शब्दांत बोलला जातो. बीड जिल्ह्यात तो फार उघडावाघडा दिसतो. इथे सुरक्षितता म्हणजे थांबण्याची ऐपत. समोर आलेल्या पहिल्याच कामाला "हो" म्हणण्याआधी किती दिवस थांबता येतं, तेवढे दिवस मोजले की त्या घराची सगळी कुंडली कळते.

वि. स. पागे यांच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानासाठी हा विषय निवडण्याचं कारणही हेच आहे. 1960 ते 1978 अशी अठरा वर्षं पागे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यातल्या विसापूर गावी 1965 मध्ये त्यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळाने ती कल्पना राज्यभर नेली. 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्यासाठीचा पैसा उभा राहावा म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कर आला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापले गेलेले रुपये मराठवाड्यातल्या नालाबांधावर मजुरी म्हणून पोचू लागले. योजनेतले पाझर तलाव आणि रस्ते डोळ्यांना दिसतात. तिचं दुसरं काम दिसत नाही. गावात मागेल त्याला काम मिळणार असेल, तर मजुराला पडेल त्या मजुरीवर मान तुकवावी लागत नाही. पाग्यांनी मजुराला काम दिलंच, त्याच्या जोडीला "नको" म्हणायची सोयही दिली.

मग ज्या राज्याने ही हमी देशाला दिली, त्याच राज्याच्या बीड जिल्ह्यातून आजही दसरा-दिवाळीला गावंच्या गावं रिकामी का होतात?

याचं नेहमीचं उत्तर दुष्काळ. ते खोटं नाही. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा पट्टा पर्जन्यछायेत येतो, जमीन हलकी, मुरमाड, आणि खरिपानंतर हाताला काम नाही. निजामाच्या राज्यात इथे ना कारखानदारी आली ना पाटबंधारे. 1950 नंतर प्रवरेपासून सहकारी साखर कारखाने उभे राहिले तसा पश्चिम महाराष्ट्रात ऊस वाढला आणि तो तोडायला या डोंगरातली माणसं जाऊ लागली. आज कर्नाटकापर्यंत जातात. पण दुष्काळाने माणूस गाव का सोडतो एवढंच कळतं. तो उचल घेऊनच का जातो, ते कळायला हिशोबाची वही उघडावी लागते.

जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांचा करार झाला आणि तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली. टनाला 273 रुपये होते, ते सुमारे 366 झाले. मुकादमाचं 20 टक्के कमिशन याहून वेगळं. आता समजा, एका जोडीने एक लाख उचल घेतली. पहाटे अंधारात उसाच्या फडात उतरून दिवसाला दोन टन ऊस तोडला, पाचट काढलं, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून फळीवर चढून ट्रक भरला. दोघांची मिळून कमाई झाली 732 रुपये. एक लाख फिटायला लागतात 137 दिवस.

2024-25 चा गळीत हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला. त्या तारखेपासून 31 मार्चपर्यंत मोजले तर दिवस बरोबर 137 भरतात. पण बहुतेक कारखान्यांचा पट्टा त्याआधीच पडला, म्हणजे गाळप बंद झालं. शिवाय या गणितात एकही आजारपण धरलेलं नाही, पावसाने भिजलेला फड धरलेला नाही. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो, आणि खाड्याची मजुरी तर जातेच, वर दंडही चढतो. आठवड्याची खर्ची मुकादम देतो तीही उचलीतच मिळवली जाते. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून चार पैसे सुटतात ते मीठमिरचीत जातात. पट्टा पडला की वहीच्या तळाशी एक आकडा उरतो. त्याला बाकी म्हणतात. पुढच्या पोळ्याला मुकादम येतो तेव्हा बोलणं त्या आकड्यापासून सुरू होतं.

आणखी एक आकडा याच्याशेजारी ठेवायला हवा. 732 चे दोन वाटे केले की माणशी 366 रुपये होतात. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर 312 रुपये होता. फरक 54 रुपयांचा. तेवढ्यासाठी माणूस लेकरं पाठीशी बांधून तीनशे किलोमीटरवर, पाचटाच्या कोपीत, विंचूकाट्यात पाच महिने राहायला जातो का? जात नाही. फरक दराचा नाहीच, वेळेचा आहे. रोजगार हमीत आधी नमुना 4 भरून काम मागायचं, मग काम, मग मोजमाप, मग मस्टर, मग खात्यावर पैसे. नियमाने पंधरा दिवसांत आणि प्रत्यक्षात पुष्कळदा त्यानंतर. मुकादम मात्र काम सुरू व्हायच्या दोन महिने आधी पैसे देतो, तेही एकरकमी. ज्याला थांबता येत नाही, त्याला आधी मिळालेले लाख रुपये नंतर मिळणाऱ्या सव्वा लाखाहून मोठे वाटतात. यात त्याचं गणित कच्चं नसतं. दुकानदार उद्या दारात येणार आहे, हे त्याला ठाऊक असतं.

अठरावं वर्ष इथे आणखी एका अर्थाने महत्त्वाचं. 1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाने केलेला करार करारच नसतो. अठरा पूर्ण झाली की सही चालते. कित्येक मुलांची आयुष्यातली पहिली कायदेशीर सही नोटरीच्या स्टँपपेपरवर पडते, "हातउसने घेतले" असं लिहिलेल्या मजकुराखाली. त्याच देशात 1976 पासून वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे. आगाऊ रक्कम देऊन त्या बदल्यात माणसाची मेहनत बांधून घेणं, त्याला दुसरीकडे काम करायला किंवा हवं तिकडे जायला मज्जाव करणं, याला तो कायदा वेठबिगारी म्हणतो. दोन्ही कागद एकाच तहसील कचेरीच्या आवारात सापडतात. मुलाच्या हातात त्यातला पहिलाच येतो.

मुकादमाला खलनायक करून हा विषय मिटत नाही. त्याने स्वतः कारखान्याकडून किंवा वाहतूक ठेकेदाराकडून पैसे उचललेले असतात. दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याच कारखान्यावर गेलेली टोळीही असते, आणि टोळी पळाली की मुकादमाचा कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर ओढून नेला जातो. कोयत्यातून वर यायची गावात दिसणारी एकच पायरी म्हणजे मुकादमकी. म्हणून बावीस-तेवीस वर्षांची हुशार, बोलकी पोरं दहा कोयत्यांची जबाबदारी अंगावर घेतात. हाही तरुणाने निवडलेला व्यवसायच आहे. फक्त त्यात भांडवल दुसऱ्याचं आणि जोखीम आपली.

मुलींच्या वाट्याला थांबणं त्याहून कमी येतं. अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता करायला बायको लागते, हे वाक्य ऐकायला कठोर आहे, पण हिशोब तसाच चालतो. शिवाय आई-बाप पाच महिने बाहेर, घरी म्हातारी आजी. वयात आलेली पोर मागे ठेवायची भीती. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43.7 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा 21.9 टक्के होता. 2019 मध्येच ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. पाळीच्या, दुखण्याच्या दिवसांचीसुद्धा ज्या घराला ऐपत नाही, तिथे थांबणं किती महाग असतं याचा हा पुरावा आहे.

यावर काहीच झालं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी इथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी 'शांतिवन' उभं केलं, ते ऊसतोड कामगारांच्या मुलांना हंगामात गावाकडे थांबता यावं म्हणूनच. शासनाची हंगामी वसतिगृहं आली. 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली: 41 तालुके, 82 वसतिगृहं, प्रत्येकात शंभर मुलं किंवा मुली. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं कार्यालय 2022 मध्ये पुण्यात उघडलं. गाळपाच्या टनामागे कारखान्याचे दहा रुपये आणि तेवढीच भर शासनाची, अशी त्याच्या निधीची सोय ठरली. 82 वसतिगृहांत 8,200 खाटा होतात. फडावर जाणारी कुटुंबं लाखांत आहेत. तरीही त्यातली एकेक खाट म्हणजे एका मुलीची पाच महिन्यांची थांबण्याची ऐपत असते.

राज्याने 2023 मध्ये 'लेक लाडकी' योजना आणली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरात 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार रुपये मिळायचे आहेत, त्यातले 75 हजार तिला अठरा पूर्ण झाल्यावर. योजनेची कल्पना नेमक्या जागी बोट ठेवते: उचलीच्या तोडीची रक्कम, मुलीच्या नावावर, अठराव्या वर्षी. फक्त ती पहिल्या मुलीच्या हाती पडेल ते साल 2041 असेल. आज अठराची असलेली मुलगी त्यात नाही. 'लाडकी बहीण' योजनेची मदत एकवीस पूर्ण झाल्यावर सुरू होते. मधल्या तीन वर्षांत लग्न, पहिलं बाळंतपण आणि पहिला हंगाम उरकलेला असतो.

पहाटे पाचला बीड, केज, आष्टी, गेवराईच्या बाहेरच्या रस्त्यांवर वेगळंच चित्र असतं. शाळेच्या मैदानावर, बायपासच्या कडेला, मोबाइलच्या उजेडात पोरं धावत असतात. कुणीतरी स्टॉपवॉच लावून उभा असतो. पोलीस भरतीच्या चाचणीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. मुलांपैकी जो 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत धावेल त्याला 20 पैकी 20 गुण. मग 100 मीटर, मग गोळाफेक. बूट बहुतेकांचे एकाच स्वस्त कंपनीचे, काही अनवाणी. धावणं संपलं की पारावर बसून भिजवलेले हरभरे खायचे आणि सामान्यज्ञानाचं पुस्तक उघडायचं. कोयत्यातून सुटायचा जिल्ह्याला ठाऊक असलेला सर्वांत सरळ रस्ता हा आहे, आणि म्हणूनच त्यावर सर्वांत जास्त गर्दी आहे. ज्या पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या 2024 मध्ये झाल्या, तिच्यात राज्यभर 17,471 जागा होत्या आणि अर्ज आले 17 लाख 76 हजार. एका जागेला शंभरावर. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. तिथे खुल्या वर्गाला फी 1,000 रुपये होती आणि राखीव वर्गाला 900. ज्या घरात हजार रुपये ही आठवड्याची खर्ची असते, तिथे वर्षाला चार फॉर्म भरणं हा घरखर्चातला मोठा आकडा होतो.

थांबण्याची ऐपत नसणं वाईट, तसं किती थांबायचं ते न ठरवणंही महाग पडतं. पुण्याच्या सदाशिव पेठेत नाहीतर छत्रपती संभाजीनगरात कॉट बेसिसची खोली, मेस, अभ्यासिकेची फी. घरून येणारा हा पैसा कित्येकदा आई-बापाच्या उचलीतलाच असतो. मुलगा वाचत बसतो आणि त्याच्या वाटचा ऊस आई तोडते. वयाची मर्यादा 28 ची, राखीव वर्गाला 33; म्हणून एक प्रयत्न, आणखी एक, असं करत दहा वर्षं सरतात. जे घर हुशारीने चालवतं, ते सुरुवातीलाच तारीख ठरवतं: दोन भरत्या, नाहीतर पुढच्या जूनला आयटीआय. इलेक्ट्रिशियन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक यांच्या कामाला भरतीसारखी वयाची अट नसते.

याच जिल्ह्यातला एक मुलगा धावून जगापुढे आला. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. शेतकरी-मजुराचं घर, शाळेला रोज काही किलोमीटरची पायपीट. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीनमध्ये राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. धावायला लागला तो त्यानंतर, 2015 च्या सुमारास, सैन्याच्याच क्रॉसकंट्री संघात. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी. त्याचं कौतुक करताना जिद्दीबद्दल खूप बोललं जातं. क्रम मात्र कुणी सांगत नाही. आधी दर महिन्याचा पगार, मग धाडस. विशी ओलांडलेल्या मुलाने नवाच खेळ धरायचा, तोही अडथळ्यांच्या शर्यतीचा, हे सैन्याच्या मेसमध्ये दोन वेळचं जेवण पक्कं असल्यामुळे शक्य झालं. त्याच्यासोबत मांडव्याच्या रस्त्यावर धावू शकले असते असे आणखी किती जण फडावर गेले, याची नोंद कुठे नाही.

सैन्याचा रस्ता आता बदललाय. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर चारांतला एक कायम होणार, बाकीचे सुमारे 11 लाख 71 हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी. त्यात निम्मा वाटा जवानाच्या स्वतःच्या पगारातून कापलेला. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं 2026-27 मध्ये भरतात. बावीस-तेवीसचा मुलगा, अंगात शिस्त, खात्यात अकरा लाख. बीडमधल्या ऊसतोड घरातल्या कुठल्याही मुलाने त्या वयात पाहिली नसेल एवढी ही थांबण्याची ऐपत आहे. ती टिकेल की नाही, हे पहिल्या सहा महिन्यांत ठरतं. लग्न, नवं घर, ट्रॅक्टर आणि "दीड टक्का जास्त व्याज देतो" म्हणणारा ओळखीचा माणूस, सगळे त्याच महिन्यांत येतात.

त्या शेवटच्या माणसाबद्दल बीडला वेगळं सांगायची गरज नाही. 2023-24 मध्ये जिल्ह्यातल्या एका मोठ्या मल्टिस्टेटच्या शाखांना कुलपं लागली आणि निवृत्त शिक्षकापासून ऊसतोड जोडीपर्यंत अनेकांच्या ठेवी आत अडकल्या. तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं, की ठेव विम्याचं पाच लाखांचं संरक्षण बँकेतल्या ठेवीला असतं, सहकारी बँकेलाही असतं, पण पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला नसतं. पाटीवर 'बँकिंग' लिहिलेलं असलं तरी नसतं. ही मर्यादा एक लाखाची पाच लाख झाली ती 4 फेब्रुवारी 2020 रोजी. अठराव्या वर्षी हातात पडणाऱ्या पासबुकावर हे एक वाक्य छापलं असतं तर कितीतरी घरं वाचली असती. पोस्टाची आरडी कमी व्याज देते, पण तिथले पैसे बुडत नाहीत.

निवृत्तिवेतनाचंही तसंच. अटल पेन्शन योजनेत अठराव्या वर्षी नाव घातलं तर महिन्याला 210 रुपये भरून साठीनंतर पाच हजार मिळतात. तिशीत घातलं तर तेवढ्यासाठीच 577 लागतात. लवकर सुरू करायचा फायदा यापेक्षा स्वच्छ दाखवता येणार नाही. पण हिशोब पुरा करायचा तर महागाईही धरावी लागते. वर्षाला पाच टक्के धरली तर 42 वर्षांनंतरचे पाच हजार म्हणजे आजचे जेमतेम साडेसहाशे. म्हणून अठराच्या मुलाला साठीची चिंता आधी घालण्यात अर्थ नाही. त्याला पहिल्यांदा हवा असतो तीन महिन्यांचा खर्च, बाजूला काढलेला, हात न लावलेला. वर्षाला 20 रुपयांत मिळणारा दोन लाखांचा अपघात विमा त्याच्या जोडीला पुरे. आणि चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे लागला तर पगाराची स्लिप आणि पीएफचा यूएएन क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्यायचा. ठेकेदार बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही.

सरकारने थांबण्याचा पैसा दिल्याचंही एक ताजं उदाहरण आहे. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिन्याला 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 विद्यावेतन ठरलं, आधी सहा महिने आणि पुढे मुदत वाढवून अकरा. बारावीच्या मुलाचे सहा महिन्यांचे होतात 36 हजार. अर्ध्या कोयत्याच्या उचलीच्या जवळ जाणारी रक्कम. त्यात बाकी राहत नाही, खाडा नाही, मुकादम नाही. मुदत संपल्यावर पुढे काय, या प्रश्नावर मात्र प्रशिक्षणार्थींना आंदोलनं करावी लागली.

थांबण्याऐवजी जाण्यासाठी पैसा दिल्याचंही एक उदाहरण आहे. बांगलादेशातल्या रंगपूर भागात दरवर्षी भात कापणीआधी उपासमारीचे महिने येत. त्यांना तिथे 'मोंगा' म्हणतात. 2008 मध्ये संशोधकांनी तिथल्या काही कुटुंबांना शहरात जाण्यापुरतं बसभाडं दिलं, साडेआठ डॉलरच्या आसपास. तेवढ्यावर कितीतरी जास्त घरांतून माणूस कामाला गेला आणि घरचं खाणं सुधारलं. पुढे तोच कार्यक्रम फार मोठ्या प्रमाणावर राबवला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही आणि तो बंद करावा लागला. म्हणजे बसभाड्यात जादू नव्हती. तरी बीडच्या दृष्टीने त्यात एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. तिथल्या माणसाला जायला पैसा मिळाला, पण कुठे जायचं, कुणाकडे राबायचं, कधी परत यायचं हे त्याचं त्याने ठरवलं. इथे जायला मिळणारा पैसा या तिन्ही गोष्टी आधीच ठरवून येतो.

आणि तो पैसाही आता आटू लागेल. 2023 मध्ये राज्याने 900 ऊसतोडणी यंत्रांना अनुदान जाहीर केलं, किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यांपैकी कमी असेल ते. यंत्र पट्टापद्धतीच्या मोठ्या फडात आधी शिरतं. अडचणीचा, लोळलेला, लहान फडातला ऊस माणसांना उरतो. आज अठराचा असलेला मुलगा चाळिशीला पोचेल तेव्हा कोयता हे त्याच्या हातातलं काम असेलच, याची खात्री कुणी देऊ नये. त्याच्या बापाला निदान तेवढी होती.

एक साधी गोष्ट मात्र उद्याही करता येते. दोन हजार वस्तीच्या गावात दरवर्षी साधारण पस्तीस-चाळीस मुलंमुली अठरा पूर्ण करतात. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत आणि शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात त्यांची नावं आहेतच. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तेवढी चाळीस नावं वाचायची. प्रत्येकापुढे तीन रकाने: जातीचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखला आहे का, घरावर उचलीची बाकी किती, आणि ऑक्टोबरमध्ये हा मुलगा, ही मुलगी कोणत्या पत्त्यावर असेल. पहिला रकाना तलाठी आणि सेतू केंद्र यांच्या मदतीने भरता येतो. दुसरा रकाना वाचताना सभेत कुजबुज होईल, तरी तो वाचावा. तिसऱ्यात वसतिगृह, आयटीआय, नर्सिंग, भरतीचं मैदान, चाकण किंवा फड, जे असेल ते लिहावं, आणि 'फड' लिहिलेल्या प्रत्येक नावापुढे नमुना 4 चा अर्ज त्याच सभेत भरून घ्यावा. एका फुलस्केप कागदावर चाळीस ओळी मावतात. बहुतेक वर्षी पोळ्याला तेव्हा अजून काही दिवस बाकी असतात, आणि वाडीच्या रस्त्यावर मुकादमाची मोटारसायकल दिसलेली नसते.